आम्लाने उघडणारी, उष्णतेने बुजणारी रेघ

जबलपूरचं कमानिया गेट १९३९ सालचं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शहराजवळच्या त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते, आणि त्याची आठवण म्हणून भर बाजारात ही कमान उभी राहिली. त्याच वर्षाच्या जानेवारीत जर्मनीत ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांचा एक लेख छापून आला होता. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर हाती बेरियम लागतं, असं त्यात म्हटलं होतं. फेब्रुवारीत लिझ माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी त्याचा उलगडा केला : युरेनियमचं केंद्रक दुभंगतं आणि त्याचे दोन मोठे तुकडे होतात. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघातल्या फ्लेरोव्ह आणि पेत्रझाक यांनी दाखवून दिलं की यासाठी बाहेरून न्यूट्रॉन मारायचीही गरज नसते. युरेनियम आपल्या आपणही फुटतं, फक्त फार क्वचित.

म्हणजे कमान बांधली जात होती तेव्हा शहराच्याच अंगाला असलेल्या मदन महालच्या ग्रॅनाइटमध्ये ही घटना घडत होती, आणि त्याआधीही कोट्यवधी वर्षं घडत आली होती. तिचा माग दगडात उमटतो, हे मात्र जगाला कळायला आणखी वीस वर्षं जावी लागली. तो माग कसा दिसतो, कशाने वाढतो आणि कशाने पुसला जातो, हा या प्रकरणाचा विषय. त्यात दोनच गोष्टी मुख्य आहेत, आम्ल आणि आच. कमानिया गेटला लागून असलेल्या सराफ्यात या दोन्ही रोजच्या वापरातल्या.

आधी माग म्हणजे काय ते पाहू. युरेनियम-२३८ चे अणू बहुतेक वेळा अल्फा कण टाकून शांतपणे बदलत जातात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं. पण साधारण अठरा-वीस लाख अणूंमागे एखादा अल्फा न टाकता सरळ दुभंगतो. त्याचे दोन तुकडे परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. जड, प्रचंड वेगाचे आणि बरेच इलेक्ट्रॉन गमावलेले, म्हणजेच आयन. स्फटिकाच्या नीट रचलेल्या अणूंमधून जाताना ते आजूबाजूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन खरवडून नेतात. मागे धनभारित अणूंची एक रांग उरते, ते अणू एकमेकांना ढकलतात आणि आपापल्या जागा सोडतात. तुकडे थांबेपर्यंत अ‍ॅपेटाइटसारख्या खनिजात सुमारे १६ मायक्रोमीटर लांबीची, म्हणजे मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढी, विस्कटलेली रेघ तयार झालेली असते. रुंदी मात्र काही नॅनोमीटरच. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसणं अशक्य. अल्फा कण हलका असल्याने त्याच्याकडून खनिजात असा उघडता येण्याजोगा माग पडत नाही. त्यासाठी जड आयनच लागतो.

हा माग पहिल्यांदा उघडला तो इंग्लंडमधल्या हारवेलच्या प्रयोगशाळेत, १९५८ साली. डी. ए. यंग यांनी लिथियम फ्लोराइडचा स्फटिक युरेनियमसमोर ठेवला, मग तो आम्लात बुडवला. पृष्ठभागावर खळगे उमटले, आणि त्यांची संख्या आदळलेल्या तुकड्यांच्या संख्येशी जुळली. पुढच्या वर्षी तिथल्याच सिल्क आणि बार्न्स यांनी अभ्रकातले माग, काहीही न कोरता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मग अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्राइस आणि वॉकर यांनी १९६२ च्या सुमारास अभ्रक हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवून तेच माग इतके रुंद केले की कोणत्याही महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकातून ते मोजता यावेत. फ्लायशर त्यांना येऊन मिळाले आणि या तिघांनी एक नवी विद्याशाखाच उभी केली. दगडातलं युरेनियम मोजा, माग मोजा, वय काढा.

आम्ल नेमकं काय करतं? ते सगळंच खनिज खातं, पण दोन वेगांनी. शाबूत स्फटिक सावकाश विरघळतो. विस्कटलेल्या रेघेतले अणू आधीच ताणाखाली असल्याने तिथे आम्ल झपाट्याने आत घुसतं. या दोन वेगांमध्ये तफावत मोठी असेल तर सुईसारखा लांब, निमुळता माग मिळतो. तफावत थोडी असेल, जशी काचेत असते, तर गोलसर उथळ खळगा मिळतो. पृष्ठभागाला फार तिरप्या कोनात आलेला माग तर काचेत दिसतच नाही, कारण माग उघडण्याआधीच भोवतालचा पृष्ठभाग झिजून खाली गेलेला असतो. अभ्रकात हे खळगे शंकरपाळ्याच्या आकाराचे येतात, कारण आम्लही स्फटिकाच्या दिशा पाळतं. म्हणून आपण सूक्ष्मदर्शकातून जे पाहतो तो मूळ माग नव्हेच. तो आम्लाने कोरलेला खळगा असतो, आणि त्याचं रूप आम्लाची तीव्रता, तापमान आणि वेळ यांवर ठरतं. हे विसरून केलेली मोजणी फुकट जाते.

त्यामुळेच या कामातली शिस्त कडक आहे. ग्रॅनाइटचा दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा. चुंबकाने लोहयुक्त कण वेगळे करायचे. उरलेले कण जड द्रवांत टाकायचे. ब्रोमोफॉर्ममध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तरंगतात, अ‍ॅपेटाइट आणि झिरकॉन बुडतात. मग मिथिलीन आयोडाइडमध्ये अ‍ॅपेटाइट तरंगतं आणि झिरकॉन तळाशी जातं. अ‍ॅपेटाइटचे कण इपॉक्सीत बसवून ते अर्ध्यापर्यंत घासायचे, आरशासारखे चकचकीत करायचे. मग ५.५ मोलर नायट्रिक आम्ल, २१ अंश सेल्सियस, २० सेकंद. बाहेर काढून लगेच पाण्याने धुवायचं. वीसऐवजी दहा सेकंद ठेवलं तर मागाची टोकं उघडत नाहीत आणि तो खरा आहे त्याहून आखूड भासतो. चाळीस ठेवलं तर माग फुगून एकमेकांत मिसळतात. झिरकॉनला नायट्रिक आम्लाची पर्वाच नाही. त्याला वितळलेल्या सोडियम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात, टेफ्लॉनमध्ये बसवून, सव्वादोनशे अंशांच्या आसपास काही तास ते दोन-तीन दिवस ठेवावं लागतं. तेही प्रत्येक झिरकॉनला सारखं नाही. ज्याला अल्फा किरणोत्साराने आधीच बरंच जर्जर केलेलं असतं ते लवकर कोरलं जातं, तरुण आणि धडधाकट असेल ते दाद देत नाही.

या आम्लाच्या बाबतीत एक महत्त्वाचा शोध मुंबईत लागला. तो मराठी वाचकांपर्यंत फारसा पोचलेला नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी वैश्विक किरणांचा अभ्यास करत होते. अवकाशातून येणारी लोखंडासारखी जड केंद्रकं उल्कापाषाणांत आणि चंद्रावरच्या दगडांत घुसतात आणि माग सोडून जातात. या पाषाणांत मुबलक असलेलं खनिज म्हणजे ऑलिव्हीन. पण त्यातले माग नीट उघडतील असं रसायन सापडत नव्हतं. तीव्र आम्ल किंवा अल्कली वापरली की पृष्ठभाग खडबडीत होई आणि माग बोथट शंकूसारखे येत. १९७१ साली एस. कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, एन. प्रभू आणि ए. एस. ताम्हाणे यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक नवं मिश्रण प्रसिद्ध केलं : ईडीटीएचा क्षार, थोडं ऑक्झॅलिक आणि फॉस्फोरिक आम्ल, आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच ८ वर आणलेलं. म्हणजे शेवटी हे द्रावण आम्ल नाहीच, किंचित अल्कधर्मी आहे. ईडीटीएचं काम धातूंचे अणू पकडून ठेवण्याचं. ऑलिव्हीनमधून सुटणारं मॅग्नेशियम आणि लोखंड ते द्रावणातच धरून ठेवतं. उकळत्या द्रावणात काही तासांनी ऑलिव्हीनमध्ये लांब, सुईसारखे माग उघडतात. पुढे लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे काम तिथे वाढलं. आज रशियन शास्त्रज्ञ पॅलासाइट उल्कापाषाणांतल्या ऑलिव्हीनमध्ये युरेनियमइतक्या आणि त्याहूनही जड केंद्रकांचे माग शोधतात, तेव्हाही याच मिश्रणाचं बदललेलं रूप वापरतात. मोठमोठ्या यंत्रांचा गाजावाजा फार होतो. एका बाटलीत मावणाऱ्या योग्य द्रावणाने एक अख्खं खनिज वाचता येऊ लागलं, हे मला त्याहून कमी मोलाचं वाटत नाही.

आता आच. सराफ्यात सोनार पत्रा ठोकत जातो तसं सोनं कडक होतं, मग तो त्याला ताव देतो आणि ते पुन्हा मऊ होतं. ठोकण्याने विस्कटलेले अणू उष्णतेने हालचालीची मुभा मिळताच जागेवर बसू लागतात. खनिजातल्या मागाचंही तेच होतं. आच लागली की विस्थापित अणू हळूहळू परत जागा घेतात. माग आधी दोन्ही टोकांकडून आखूड होतो. सुमारे १०-११ मायक्रोमीटरच्या खाली आला की मधेमधे तुटतो, आणि शेवटी आम्लाला तिथे काही वेगळं सापडतच नाही. अ‍ॅपेटाइटमध्ये हे सगळ्या दिशांना सारखं होत नाही. स्फटिकाच्या लांब अक्षाला काटकोनात असलेले माग लवकर आखडतात, समांतर असलेले जास्त तग धरतात. खनिजाची घडणही महत्त्वाची. क्लोरीन जास्त असलेल्या अ‍ॅपेटाइटचे माग फ्लोरीनवाल्यापेक्षा अधिक उष्णता सोसतात.

सुरुवातीला ही सगळी अडचणच मानली गेली. दगड एका वयाचा आणि माग सांगतात त्याहून कितीतरी कमी वय. पद्धतच गळकी, असं वाटावं अशी स्थिती. मग लक्षात आलं की गळती नियमाने होते. प्रयोगशाळेत अ‍ॅपेटाइट तासाभरासाठी ३५० अंशांच्या वर तापवावं लागतं तेव्हा माग पुसले जातात. निसर्गाकडे तास नव्हे, लाखो वर्षं असतात, त्यामुळे तिथे ११०-१२० अंशही पुरतात. ६० अंशांच्या खाली माग जवळजवळ टिकून राहतात, ६० ते १२० मध्ये ते थोडेथोडे आखडतात. झिरकॉनमध्ये हाच पट्टा दोनशे अंशांच्या पलीकडे सुरू होतो. ऑस्ट्रेलियात ग्लेडो आणि डडी यांनी १९८१ साली ऑटवे खोऱ्यातल्या तेलविहिरींमधून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेतले. जसजसं खाली जावं, जसजशी उष्णता वाढावी, तसतसे माग कमी आणि आखूड होत गेले. निसर्गाने कोट्यवधी वर्षं चालवलेला प्रयोगच त्यांनी वाचला. जमिनीत तेल तयार होण्याचं तापमानही बरंचसं याच पट्ट्यातलं. त्यामुळे तेल शोधणाऱ्यांना ही पद्धत एकदम जवळची वाटू लागली.

इथे घड्याळाचा तापमापक झाला. प्रत्येक माग वेगळ्या वेळी पडलेला असतो, म्हणून त्याने सोसलेली उष्णताही वेगळी असते. सगळे माग लांब असतील तर दगड झटकन थंड झाला आणि पुन्हा तापला नाही. लांब आणि आखूड अशी दोन टोळकी दिसली तर मध्ये कधीतरी तो पुन्हा तापला होता. मागांची संख्या आणि त्यांच्या लांबीची वाटणी, दोन्ही मिळून दगडाचा औष्णिक इतिहास उभा करतात. नंगा पर्वताच्या भागात पीटर झाइटलर यांना अ‍ॅपेटाइटची वयं दहा लाख वर्षांहूनही कमी मिळाली. दगड अतिप्राचीन, पण तो खालून इतक्या वेगाने वर आला की ११० अंशांची रेषा त्याने भूगर्भीय काळाच्या हिशेबात परवा-परवा ओलांडली.

लांबी आणि तापमानाचा हा संबंध पक्का करायला कृत्रिम माग लागतात, म्हणजे नेमका कोणता आयन, किती ऊर्जेचा, कोणत्या कोनातून आत गेला हे माहीत असलेले. त्यासाठी जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या त्वरकातून जड आयनांचे झोत खनिजांवर सोडले गेले. आपल्याकडे अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात हरदेवसिंग विर्क यांच्या गटाने अशा नमुन्यांवर बरंच काम केलं. त्याआधी कुरुक्षेत्र विद्यापीठात के. के. नागपाल यांनी भारतीय अभ्रक आणि इतर खनिजांची वयं काढायला सुरुवात केली होती, आणि त्या कामासाठी नमुन्यांवर न्यूट्रॉनचा मारा करायला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली अणुभट्टी होती. अमृतसरच्या गटाचं म्हणणं असं होतं की माग बुजण्यासाठी लागणारी ऊर्जा आयन कोणता यावर नव्हे, तर खनिज कोणतं यावर ठरते, आणि ती एका खनिजासाठी एकच असते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या गटाने अ‍ॅपेटाइट भट्ट्यांमध्ये ठेवून वेगळं चित्र काढलं : माग जसजसा बुजत जातो तसतशी पुढच्या बुजण्याला लागणारी ऊर्जा वाढत जाते. तास-दिवसांच्या प्रयोगांपुरता दोन्हींत फार फरक पडत नाही. पण तासांवरून कोटी वर्षांपर्यंत उडी मारायची तेव्हा लहानसा फरकही फुगतो. विहिरींमधल्या नमुन्यांशी दुसरं चित्र अधिक जुळतं, म्हणून तेच रुळलं आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पण पहिल्या मांडणीने विचारलेला प्रश्न, खनिजाचा स्वतःचा स्वभाव काय, तो अजूनही मोलाचा आहे.

हे सगळं जबलपूरच्या जमिनीवर ठेवून पाहावं. मदन महालचा ग्रॅनाइट शंभर कोटी वर्षांहून कितीतरी जुना. समजा त्यातल्या अ‍ॅपेटाइटच्या एका कणात दहा लाखांत वीस भाग युरेनियम आहे आणि तो कण गेली दहा कोटी वर्षं थंड राहिला आहे. मग त्याच्या ०.१ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी तुकड्यावर शंभरेक माग मिळायला हवेत. एवढे सहज मोजता येतात. तिथल्या प्रसिद्ध संतुलित शिळेसारखे दगड आज उघड्यावर आहेत ते वरचं आवरण झिजून गेल्यामुळे. ते आवरण किती जाड होतं, हे मागांची लांबी सांगू शकते, कारण दर किलोमीटर खोलीला साधारण २५ ते ३० अंश वाढतात, म्हणजे अ‍ॅपेटाइटची ११० अंशांची रेषा तीन-चार किलोमीटरवर येते. सोन-नर्मदा पट्ट्यात जमिनीतून येणारी उष्णता काही ठिकाणी जास्त आहे, तिथे ती रेषा त्याहून वर सरकते.

आता जबलपूरचीच बारा शिमला टेकडी घ्या. १८२८ साली विल्यम स्लीमन यांना तिथे डायनासोरची हाडं सापडली. ती हाडं असलेल्या लॅमेटा थरांच्या वर दख्खनचा लाव्हा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. हजार-अकराशे अंशांचा लाव्हा वर पसरला म्हणजे खालच्या वाळूतल्या अ‍ॅपेटाइटचे सगळे माग पुसले गेले असतील, असं कोणालाही वाटेल. पण दगडातून उष्णता फार सावकाश जाते, वर्षभरात साधारण पाच-सहा मीटर. तोवर वरचा प्रवाहही निवू लागतो. लाव्ह्याला चिकटून असलेले कण पार कोरे होतील, शंभर मीटर खालच्या कणांना त्या एका प्रवाहाची खबरही लागणार नाही. त्यांना खरा धोका लाव्ह्याच्या एकावर एक चढलेल्या थरांचा. वर किलोमीटरभर जाडी साचली की खाली कायमचे पंचवीस-तीस अंश वाढतात, आणि ते लाखो वर्षं टिकतात. मोठी पण क्षणिक आच आणि सौम्य पण दीर्घ ऊब, यांतली दुसरीच बहुधा जास्त माग मिटवते.

महाराष्ट्रात मात्र या पद्धतीची पंचाईत होते. आपला काळा बेसाल्ट तिला जवळजवळ मुका, कारण त्यात मोजता येण्याजोगे अ‍ॅपेटाइटचे कण सहसा नसतात आणि युरेनियमही नगण्य. म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या उठावाचा इतिहास शोधताना संशोधकांनी अ‍ॅपेटाइट निवडलं ते लाव्ह्याखालच्या जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकांतलं.

बेसाल्टशी खरी गाठ पडली ती बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्कापाताचं. आघाताने वितळून झालेली काच तिथे सापडते, आणि काचेत माग मोजता येतात. २००४ साली डीटर श्टोर्त्सर आणि क्रिस्टियान कोबर्ल यांनी त्या काचेतून वय काढलं : १५ हजार वर्षं, त्रुटी १३ हजारांची. त्याआधी १९९७ मध्ये तापदीप्तीच्या पद्धतीने ५२ हजार वर्षं मिळाली होती. २०११ साली फ्रेड जूर्दां आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षं सांगितली. एका विवराला चाळीसपटीने वेगळी वयं.

त्रुटी एवढी मोठी का, हे हिशेब केला की कळतं. काचेत दहा लाखांत ०.३ भाग युरेनियम धरलं आणि वय पन्नास हजार वर्षं धरलं, तर चौरस सेंटिमीटरमागे नऊ-दहा माग निघतात. मदन महालच्या कल्पित कणाचा तोच हिशेब चौरस सेंटिमीटरला दहा लाखांवर जातो. पंधरा हजार वर्षांना तर तीनच. तीन माग मोजून काढलेल्या वयाला तेवढी त्रुटी असायचीच. त्यात काचेतले माग उन्हाने तापणाऱ्या जमिनीच्या साध्या उबेतही आखडतात, खळगे लहान येतात आणि काही हरवतात. म्हणून मागांचं हे वय मी किमान वय समजतो. विवर त्याहून जुनं असू शकतं, तरुण असण्याची शक्यता कमी. आर्गॉनच्या वयाची अडचण उलट दिशेची आहे. साडेसहा कोटी वर्षं जुन्या बेसाल्टमधला आर्गॉन पूर्ण निसटला नाही तर वय फुगतं, आणि त्या गटाने आपल्या विश्लेषणात याचाच बारकाईने विचार केला.

काचेतली गळती भरून काढायची एक पद्धत आहे, आणि तीही आचेचीच. नमुन्याचे दोन भाग करायचे. एकात नैसर्गिक माग, दुसऱ्यात अणुभट्टीत न्यूट्रॉनने पाडलेले ताजे. दोन्ही एकाच भट्टीत, पायरीपायरीने तापवायचे. नैसर्गिक माग आधीच थोडे आखडलेले असल्याने सुरुवातीला ताजे जास्त वेगाने कमी होतात, पण एका टप्प्यानंतर दोन्ही बरोबरीने बुजू लागतात आणि त्यांचं गुणोत्तर स्थिर होतं. त्या स्थिर गुणोत्तरावरून मिळतं ते दुरुस्त केलेलं वय. लोणारच्या काचेसाठी ते नीट करायचं तर एक-दोन चौरस सेंटिमीटर पुरणार नाहीत. पाच लाख वर्षांचं वय खरं असेल तर न बुजता चौरस सेंटिमीटरमागे शंभराच्या आसपास माग पडलेले असतील. त्यातले किती टिकले हे ठरवायला शेकडो चौरस सेंटिमीटर काच घासून, कोरून, तापवून पाहावी लागेल, आणि ती विवरात ज्या थरातून उचलली त्याचं तापमान वर्षभर मोजून ठेवावं लागेल.